गावकुसापासून घराच्या कुंपणापर्यंत

नायगाव नावाची गावे आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. सावित्रीबाई फुले ज्या नायगावात जन्मल्या, ते सातारा जिल्ह्यातले. आज मी बोलणार आहे ते नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव बाजारविषयी. गोदावरीच्या दक्षिणेला, नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या सडकेवर, नरसीच्या अलीकडे हे गाव लागते. पूर्वी ते बिलोली तालुक्यात होते, १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला, पुढे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गाव वाढले की काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सडकेच्या कडेची शेते बिनशेती होतात, त्यांचे प्लॉट पडतात, आणि त्या प्लॉटवर घराच्या आधी एक गोष्ट उभी राहते, ती म्हणजे कुंपण. चार कोपऱ्यांना चार खांब, त्यांना तार, आणि आत काही नाही. गवत आणि एखादी शेळी.

याचे आपल्याला आता नवल वाटत नाही. परंतु आपल्या पणजोबांना वाटले असते. घरागणिक कुंपण हा प्रकार मराठवाड्यातल्या जुन्या गावांत जवळजवळ नव्हताच. कुंपण होते, पण ते साऱ्या गावाला मिळून एक होते. त्याला गावकूस म्हणत. साऱ्या गावाचे ते एक कुंपण मोडून घरोघर कुंपणे कशी आली, आणि त्या फेरबदलात कोण आत राहिला, कोण बाहेर, याचा थोडा धांडोळा आज घेऊ.

आधी मातीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे गावाची ओळखच मातीच्या रंगावरून होते. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. जुन्या कागदांत गावचा कारभार सांगायचा तर काळी-पांढरी असा जोड शब्द येतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसे, जनावरे, चुलीची राख, पडलेल्या भिंती यांनी वस्तीची जमीन उंच होत गेली आणि तिचा रंग फिकट होत गेला. ही पांढरी माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. तिचीच भिंत गावाभोवती घालत. तळाला दगड, वर माती, जाडी अशी की वरून माणूस चालावा. एक किंवा दोन वेशी, वेशीला जाड लाकडी दरवाजे, आणि आत पाटलाची किंवा देशमुखाची गढी. रात्री वेस बंद झाली की गाव बंद झाले.

ही भिंत हौसेची नव्हती. पेंढाऱ्यांच्या टोळ्या १८१७-१८ पर्यंत या मुलखात हिंडत होत्या, आणि ते संपल्यावरही निजामाच्या राज्यात रोहिल्यांच्या आणि इतर टोळ्यांच्या धाडी पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिल्या. पीक आणि जनावर हीच संपत्ती. ती रात्री भिंतीआड आली पाहिजे. मातीच्या भिंतीला कमी लेखू नका. हदगावकडच्या नोव्हा येथे नौसाजी नाईक हटकर यांची गढी होती. १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या इंग्रज अंमलदारांखालच्या पलटणींनी तिला वेढा घातला, तोफा लावल्या, तरी ती पडायला तीन आठवडे लागले. पुढे १९४८ साली रझाकारांच्या काळात कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीवर जी झुंज झाली, तिची आठवण त्या भागात अजून निघते. तोवर आकाशात विमाने उडू लागली होती, आणि तरीही गावाला आधार वाटला तो मातीच्या भिंतीचाच.

घरांचे म्हणाल तर गावकुसाच्या आत वेगळ्या कुंपणाला जागाच नव्हती. घराला घर लागून. बरे चाललेल्या माणसाचा वाडा बाहेरून आंधळा असे; रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही, एक देवडी आणि एक दार. चौक आत, विहीर आत, तुळस आत. म्हणजे घराची भिंत हेच घराचे कुंपण. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असे, आणि तिच्यात कोणी कोनाडा किती खोल कोरावा यावरून भांडणेही होत. गरिबाच्या परसाला मात्र तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड असे. तो एका पावसाळ्यात काळा पडतो आणि दुसऱ्यात चुलीत जातो.

आता या चित्राची दुसरी बाजू. भिंत घातली की आत आणि बाहेर असे दोन भाग होतात. गावकुसाच्या बाहेर कोण राहत होते, हे मी सांगायला नको. ‘गावकुसाबाहेरचा’ हा शब्द मराठीत अजून वापरतात आणि त्याचा अर्थ अंतरावर ठरत नाही. ज्या भिंतीने गावाला धाडीपासून वाचवले, त्या भिंतीने महार, मांग यांच्या वस्तीला धाडीच्या तोंडी ठेवले. दरोडेखोर येणार तो पहिल्याने त्यांच्या झोपडीवरून.

परंतु यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे शाळेत शिकवताना आपले लक्ष जात नाही. गुरुजींनी ती मुलांना जरूर सांगावी. गावाची हद्द कोठून कोठवर, हे सांगण्याचा अधिकार जुन्या गावगाड्यात महारांचा होता. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, तर साक्ष त्यांची. कागद हरवलेला असे, खुणेचा दगड कोणीतरी हलवलेला असे, पाटील आपल्या गावाच्या बाजूने बोले. तेव्हा शिवेवरून चालत जाऊन ‘इथून इथवर’ म्हणणारा माणूस लागे. डोक्यावर त्या जमिनीची माती घेऊन, शपथ घेऊन, तो शिवेवरून चाले आणि त्याची पावले पडली ती हद्द. पंच मागून चालत आणि खुणा घालत. म्हणजे ज्याला भिंतीच्या आत घर नव्हते, त्याच्याच शब्दावर गाव कोठे संपते ते ठरत होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. अलुते-बलुते आणि गावचा व्यवहार समजून घ्यायचा तर आजही त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. तथापि एक सांगून ठेवतो. गावगाड्याची घडी छान बसली होती असे म्हणून जे हळहळतात, त्यांनी ती घडी गावकुसाबाहेरून एकदा पाहावी.

मग सरकारी मोजणी आली. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली, आणि पुढच्या काळात शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची मोजणी झाली. साखळी आली, नकाशा आला, सर्व्हे नंबर आले. शिवेवर चालणाऱ्या माणसाची जागा नकाशातल्या रेघेने घेतली. पण ही मोजणी मुख्यतः काळीची होती, कारण सारा काळीवर होता. पांढरीला नकाशात एक बाहेरची रेघ मिळाली, तिला गावठाण म्हटले, आणि आतल्या घरांची मापे बहुतेक ठिकाणी कोणी घेतलीच नाहीत. तुमच्या गावात दोन भावांच्या घरांमधल्या बोळावरून भांडण चालू असेल, तर त्याचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. शेताचा उतारा असतो. घराचा असतो तो कराच्या नोंदीचा कागद. त्याने कर कोण भरतो ते कळते, भिंत कोठे आहे ते कळत नाही.

दरम्यान शेताच्या कुंपणाला काय लावावे याचा शोध चालूच होता. जुनी रीत वाळल्या काट्यांची. बाभूळ आणि बोरीच्या फांद्या तोडायच्या, बुडखा आत आणि शेंडा बाहेर ठेवून रचायच्या, वर दगड ठेवायचे. दरवर्षी नवे काटे. उधई खाते, वणवा खातो, आणि थंडीत शेकोटीला शेजारीही खातो. म्हणून जिवंत कुंपण बरे. शेर, मेंदी, सागरगोटी, करवंद. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार बाधतो, म्हणून जनावरही त्याला तोंड लावत नाही.

जिवंत कुंपणाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वाईट प्रयोग या देशात इंग्रजांनी केला. बंगालकडे मिठावर कर जास्त होता, इतर ठिकाणी कमी. स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये म्हणून त्यांनी देशाच्या आरपार एक जकातीची रेघ ओढली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे २३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर पहाऱ्याला बारा हजारांच्या आसपास माणसे होती. तिच्या बऱ्याच लांब भागावर त्यांनी काट्याचे कुंपण वाढवले. आपल्याला जवळ म्हणजे बऱ्हाणपूरच्या बाजूने ते होते. आणि त्यात लावले काय? बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. म्हणजे आपल्याच बांधावरची झाडे. जिथे चांगले वाढले तिथे दहा ते चौदा फूट उंच. हे काम नेटाने पुढे नेणारा अधिकारी कोण होता ठाऊक आहे? ॲलन ह्यूम. तोच, जो पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणार होता. चिमूटभर मिठासाठी गरीब माणसाला अडवणारे हे कुंपण १८७९ साली बंद झाले, ते दया येऊन नव्हे, तर मीठ जिथे निघते तिथेच कर घेणे सोपे झाले म्हणून. लोकांनी मग त्यातून वाटा काढल्या, लाकूड जाळले, आणि ते इतके पुरते विसरले की १९९८ साली रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज गृहस्थाने चंबळकाठी त्याचा एक तुकडा शोधून काढीपर्यंत इतिहासाच्या पुस्तकांतही त्याची वाच्यता फारशी नव्हती. ‘कुंपणच शेत खाते’ असे आपण म्हणतो. या कुंपणाने तर ताटातले मीठ खाल्ले.

निवडुंगाची कथा तशीच डोक्यावर घेण्यासारखी नाही. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. कुंपणाला फुकट, पाणी नको, जनावर शिरत नाही, म्हणून दक्षिणेत लोकांनी तो लावला. मग तो बांधावरून शेतात उतरला, शेतातून गायरानात गेला आणि हजारो एकर जमीन अडवून बसला. त्याला घालवले ते माणसाने नव्हे, एका बारीक किड्याने. हा कोचिनीलचा किडा १९२६ साली सिंहलद्वीपातून मुद्दाम आणला, आणि थोड्या वर्षांत निवडुंगाची राने वाळून गेली. वेडी बाभूळही बाहेरचीच. ती १८७७ साली कडप्पाकडे लावल्याची नोंद आहे. जळणाला बरी, कुंपणालाही बरी, आणि आज ओढ्यात, तळ्यात, पडीक जमिनीत तिने काय केले आहे ते आपण पाहतोच. बेशरमीची कहाणी तिच्या नावातच आहे. जे कुंपण काही न करता वाढते, ते थांबवायलाही काहीतरी करावे लागते.

तारेचे कुंपण या सगळ्यांहून धाकटे. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातल्या डिकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने काटेरी तारेचे पेटंट १८७४ साली घेतले. तिकडे मोकळ्या माळावर गुरे सोडण्याची चाल होती, पीक वाचवायचे तर शेतकऱ्यानेच कुंपण घालावे अशी समजूत होती, आणि लाकूड तर मिळत नव्हते. आपल्याकडे कायद्याने उलट बाजू धरली. १८७१ च्या इंग्रजी मुलखातल्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर पकडून कोंडवाड्यात घालण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. दंड जनावराच्या मालकाला. म्हणजे कुंपण न घालणारा शेतकरी आपल्याकडे दोषी नाही, राखण न करणारा गुराखी दोषी. आपल्या माळरानावर तारेविना इतकी वर्षे निभावले, त्याचे एक कारण कोंडवाडा आहे आणि दुसरे कारण राखणीला बसलेला घरातला पोरगा. तो पोरगा शाळेत जाऊ लागला, हे फार चांगले झाले. मग तारेची गरज वाढली. आता रानडुकरे आणि रोही यांच्यापायी शेताभोवती जुनी लुगडीसुद्धा बांधलेली दिसतात. रात्रीच्या वाऱ्यात ती हलली की डुक्कर बिचकते म्हणतात. निदान आठवडाभर तरी बिचकते.

हे झाले शेताचे. मग गावकूस गेले कुठे? बाहेरून कोणी येऊन ते पाडले नाही. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. धाडीची भीती गेली, वेशीचे दरवाजे सडले, आणि लोकांनी भिंतीची माती घरी नेली. पांढरी माती शेताला खत म्हणून चांगली, आणि माळवदावर टाकायला तर तिच्यासारखी दुसरी नाही. आपल्याकडे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यांवर मातीचा थर अशी धाब्याची घरे. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती. दर दोन-चार वर्षांनी आणखी थोडी. याप्रमाणे गावाचे कुंपण टोपल्या-टोपल्यांनी गावाच्या डोक्यावर गेले.

श्रोतेहो, इथून पुढची हकिकत लातूर जिल्ह्यातली आहे, आणि ती सांगताना जपून बोलावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जनाहून लोक घरी येऊन झोपले होते. मातीत बसवलेल्या गोट्यांच्या रुंद भिंती फुटल्या आणि त्यांवर टेकलेली ती जड माळवदे खाली आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे जागा बदलून नव्याने वसवली गेली.

नवी गावे आखणाऱ्यांनी चौकटी पाडल्या. रुंद रस्ते, सुटे प्लॉट, प्रत्येक प्लॉटच्या मधोमध घर. भूकंपाच्या दृष्टीने सुटे घर बरे. त्यात चूक नव्हती. परंतु वाड्यात वाढलेल्या बाईला एकाएकी चारही बाजूंनी रस्ता दिसू लागला. न्हाणी कुठे, भांडी घासायची कुठे, वाळवण कुठे घालायचे, म्हैस कुठे बांधायची? सरकारने घर दिले होते. आवार दिले नव्हते. मग लोकांनी ते स्वतः केले. आधी काट्याकुट्या, मग पत्रे, जुन्या साड्या, मग जुन्या घराचे दगड आणून गडगा, आणि हातात पैसा आला तसे विटांचे कंपाउंड. नव्या गावात माणसांनी पहिल्याने कशावर खर्च केला, हे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा त्यांना भिंती दिसल्या. मला यात खुळेपणा दिसत नाही. घराला ‘आत’ पाहिजे असते.

तिथेही गावकुसाचा जुना प्रश्न वेगळ्या वेषात आला. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या माणसाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून मोठ्याला ७५०. कित्येक ठिकाणी एका मापाची घरे एका बाजूला आली. जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, हे ज्याला माहीत आहे, त्याला नव्या नकाशातली जुनी भिंत वेगळी दाखवावी लागत नाही. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली बंद केली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला, आणि जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. नावाची पाटी बदलायला इतकी वर्षे लागली, तर रस्त्याची दिशा बदलायला किती लागतील याचा अंदाज करावा.

आता पुन्हा नायगावात येऊ. कोणी म्हणेल, इतिहास पुरे, आम्हाला घराला कुंपण घालायचे आहे, त्याचे बोला. तर थोडे तेही बोलतो, कारण वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या कामात पुन्हा भेटते.

पहिले म्हणजे माती. नांदेडकडची काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात जातो. अशा जमिनीत दीड फुटावर पुरलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतो, आणि लोक गवंड्याला शिव्या देतात. दोष गवंड्याचा कमी, जमिनीचा जास्त. खड्डा काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा. तेवढी खोली नसेल तर निदान दोन-अडीच फूट घ्यावा, निघालेली काळी माती पुन्हा आत न लोटता मुरूम आणि खडी घालून ठोकावी, आणि वर खांबाच्या बुडाशी काँक्रीटला बाहेर उतार द्यावा, म्हणजे पाणी मुळाशी मुरत नाही. विटांची भिंत घालणाऱ्याने तर पाया मुरमावरच टेकवावा. आणि भिंतीच्या तळाशी पाणी निघायला भोके ठेवावीत. जुन्या गावात पाणी बोळांतून वाट काढी. आता प्लॉटला प्लॉट लागून भिंती झाल्या की वरच्या अंगाचे पाणी खालच्याच्या दारात तुंबते आणि आषाढात भांडण जुंपते.

खांबाला बिलोली-देगलूर भागाला एक सोय आहे. दख्खनचा काळा पत्थर तिकडे संपत येतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. पलीकडे तेलंगणात ग्रॅनाइट फोडून त्याचे लांब खांब कुंपणाला उभे करण्याची जुनी चाल आहे. त्याला उधई नाही, गंज नाही. लोखंडी अँगल स्वस्त पडत असेल तर तो घ्यावा, पण कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेकू दिल्याशिवाय तार ताणू नये. सारा ताण कोपऱ्यावर येतो. मधले खांब नुसते तार धरून ठेवतात. मधले अंतर आठ-दहा फूट. फाटक आत उघडावे, रस्त्यावर नव्हे. विजेची तार थेट कुंपणाला जोडणारे महाभाग अजून आहेत. त्यात डुकरापेक्षा माणसेच जास्त अडकतात, आणि तो गुन्हा आहे.

दुसरे म्हणजे हद्द, आणि माझ्या मते खरे काम हे आहे. तारेचे पैसे दुकानदाराला विचारून कळतात. हद्द कोणाला विचारावी? प्लॉट बिनशेती असेल तर मंजूर रेखांकन पाहावे आणि भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची नोटीस शेजाऱ्यांना जाते. ती नुसती कागदाची रीत समजू नये. शेजारी हजर असताना ठोकलेली खुंटी आणि त्याच्या पाठीमागे ठोकलेली खुंटी, दोन्ही लाकडाच्याच, पण एक टिकते आणि दुसरी रात्रीत उपटली जाते. गावठाणात बांधकामाला १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पंचायतीची परवानगी लागते आणि रस्त्यावर केलेले अतिक्रमण पंचायत काढू शकते; नायगावसारख्या नगरपंचायतीच्या गावात १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा चालतो. शेताकडे जाणारी वाट कोणी कुंपणाने बंद केली तर तहसीलदाराकडे जाता येते. तो मामलेदार न्यायालयाचा कायदा १९०६ चा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना, आणि अजून उपयोगी.

पण कायद्याच्या आधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. आपल्या प्लॉटच्या कडेने कोणाची पाऊलवाट जाते का? पाणी आणायला, स्मशानाकडे, शाळेकडे, पलीकडच्या वस्तीकडे? कागदावर ती नसते. सडकेकडची जागा मोलाची झाली की पहिल्याने अशीच एखादी वाट तारेत अडकते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बहुधा तीच वस्ती असते, जी पूर्वी गावकुसाबाहेर होती. तीन फूट जागा सोडल्याने प्लॉटवाल्याचे काय जाते? थोडे जाते, नाही असे नाही. न सोडल्याने एका वस्तीला गावात यायला अर्ध्या मैलाचा फेरा पडतो, आणि तो रोज पडतो.

गावठाणाची राहिलेली मोजणी आता होऊ लागली आहे. केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तीत खेड्यातल्या वस्तीची छायाचित्रे ड्रोनने वरून घेतात आणि घरमालकाला मालमत्तेची पत्रिका देतात. ड्रोनला भिंत दिसते, पण ती कोणाची ते त्याला दिसत नाही. म्हणून तो उडण्याआधी गावात चुना टाकतात. ग्रामपंचायतीची माणसे आणि मोजणीवाले घरोघर जातात, घरवाला आणि दोन्ही बाजूंचे शेजारी बाहेर येतात, आणि सगळे मिळून ‘इथून इथवर’ म्हणतील तिथे पांढरी रेघ पडते. परगावी असलेल्या भावाला त्या दिवशी बोलावून घ्यावे. परसातला बोळ कोणाचा, पन्हाळीचे पाणी कुठे पडते, मागच्या वस्तीची वाट कुठून जाते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आधी ठरवून ठेवावे. पाऊस पडला की चुना वाहून जातो, तेव्हा रेघ ओढली की ड्रोन लगेच उडेल एवढी चौकशी मात्र आदल्या दिवशी करून ठेवावी.